विषय क्रमांक सहा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम झाल्याचं कोणाला आठवत नाही. सभा तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा आणि मग जमलेल्या डोक्यांवर सगळे ठराव मंजूर करून टाकायचे, ही आमची परंपरा. यंदा गच्चीची गळती, लिफ्टची बदली, सिंकिंग फंड असे जिव्हाळ्याचे विषय असूनही ती टिकली असती. पण सेक्रेटरी या नात्याने मी अजेंड्यावर विषय क्रमांक सहा घातला, 'आवारातील भटक्या मांजरांचा बंदोबस्त', आणि खुर्च्या कमी पडल्या. मुलाकडे परदेशी गेलेले सी-विंगचे काकासुद्धा व्हिडिओ कॉलवर हजर.

तक्रारी खोट्या नव्हत्या. नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर चिखलाची पावलं, स्कूटरच्या सीटमधून डोकावणारा स्पंज, बोक्यांनी पार्किंगच्या खांबांवर मारलेल्या फवाऱ्याचा तो फिनाइललाही न जुमानणारा वास, आणि रात्री दोनला तान्ह्या बाळाच्या आवाजात चाललेली भांडणं. तळमजल्यावाल्यांनी दाराशी निळीच्या पाण्याच्या बाटल्या मांडून पाहिल्या होत्या. मांजरं येता-जाता त्यांना पाठ घासत.

"पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या," बी-विंगने फर्मान काढलं.

हा प्रयोग मागच्या कमिटीने केलेला होता. वॉचमनने चहापाणी घेऊन एक दांडगा बोका पलीकडे पोचवला. पंधरवड्यात त्याच्या जागी दोन आले. येणारच. उघडे कचऱ्याचे डबे, गटारात उंदीर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातचा माशाच्या पाण्यातला भात, एवढ्या सोयी असलेली जागा डोंबिवलीत रिकामी राहते का? शिवाय मुका जीव उपाशी मरेल असा कुठेतरी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी वाचून दाखवलं. मागून कोणीतरी 'विष' म्हणालं, त्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 325 ऐकवलं. पाच वर्षांपर्यंत कैद. सभा ढिम्म.

मग ए-विंगच्या आजी उठल्या. "मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं हो."

आता मात्र शांतता पसरली. खजिनदारांनी मोबाइलवर सोन्याचा भाव पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि हळूच विचारलं, "पोकळ चालेल का?" आजी म्हणाल्या, नाही. त्या क्षणी नसबंदीचा ठराव एकमताने पास झाला. पशुवैद्यांचा दर तोळ्याच्या हिशेबात फारच परवडत होता.

खरं तर ही अक्कल आधीच यायला हवी. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आणि तिचं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की तेही संसाराला लागतं. आमच्या सभेचं इतिवृत्त मंजूर व्हायला याहून जास्त वेळ जातो. पण शस्त्रक्रिया करून, खुणेसाठी कानाचं टोक कापून, मांजर परत याच आवारात सोडायचं म्हटल्यावर बी-विंग पुन्हा उसळली. "पैसे आपण द्यायचे आणि मांजर पण आपणच ठेवायचं?" जुनं मांजर हद्द राखतं, नव्याला सहजासहजी शिरू देत नाही, हे त्यांना पटेना. शेवटी मी म्हटलं, आपल्या वॉचमनपेक्षा बरं. ते लगेच पटलं.

पहिला मान तिरंगी बोक्याचा. अंगावर पांढरा, काळा, नारिंगी असे तीन रंग, चाल एखाद्या नगरसेवकाची. उसना आणलेला पिंजरा मीटर रूमच्या बाहेर ठेवला, आत बांगडा. पट्टीवर पाय पडला की दार खाली येतं. बोका आला, दाराशी बसला आणि मान लांब करून बांगड्याचं शेपूट ओढायला लागला. पट्टीला धक्का नाही. मग आम्ही बांगडा तारेने मागच्या जाळीला बांधला. मध्यरात्री खटकन आवाज झाला. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकल्याबरोबर आतला धिंगाणा थांबला. भुलीसाठी पोट रिकामं हवं, म्हणून 'खायला घालू नये' असा कागदही चादरीवर चिकटवला.

सकाळी पाहतो तर आत बोका मिशा चाटतोय. काकूंनी कागद वाचला होता. "तो तुमच्यासाठी होता ना? मी तर रोजच घालते." दवाखान्याची वेळ पुढे गेली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी चादर उचलली आणि हसले. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, नारिंगीचा आणि काळ्याचा हिशेब एक्स गुणसूत्रावर असतो म्हणे. आमचा दादा बोका पोटुशी भाटी निघाला. ठरावात 'बोका' असं स्पष्ट लिहिलेलं असल्याने खजिनदार चेक द्यायला तयार होईनात. फोनवर कमिटीची तातडीची बैठक घेऊन 'बोका/भाटी' अशी दुरुस्ती करावी लागली.

सध्या घोडं ऑडिटरकडे अडलंय. दवाखान्याची पावती आहे, बांगड्यांची नाही. मी मासळीबाजारात जाऊन मावशींकडे रीतसर बिल मागितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन बांगड्यांचं बिल? मांजरीला इन्कम टॅक्स भरायचाय का?"