मुलीला समुपदेशकापासून कसं वाचवाल?

पोरगी महिनाभर धड जेवत नाही, रात्री झोपत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही? घाबरू नका, वयच तसं आहे. आधी तिचा मोबाईल काढून घ्या. मोबाईल नसेल तर घेऊन द्या आणि मग काढून घ्या. कारण तरी हाताशी राहील. तेवढ्यानं भागलं नाही, तर मीठ-मोहरीनं दृष्ट काढा आणि 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं' हा डोस दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाची ७.३ टक्के मुलं मानसिक आजारानं त्रासलेली आढळली. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चार-पाच. ती सगळी 'ब' तुकडीतली. ('ब'चे पालक 'अ' म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका.)

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी: राज्यातली ही मनोरुग्णालयं मुलांना भूगोलाच्या आधी पाठ होतात ती आपल्या धमक्यांमुळे. 'जास्त शहाणपणा केलास तर येरवड्याला टाकून येईन!' हा पाया पक्का ठेवा. पुढे जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची पायरी चढायचं ती नावच काढणार नाही.

शाळेनंही हातभार लावावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं. हरकत नाही. चित्रकलेच्या सरांना जादा चार्ज द्या, दारावर 'समुपदेशन कक्ष' पाटी लावा, आत लेझीम ठेवा. तरीही कुणी भेटायचं म्हणालंच, तर परिपाठाला माईकवरून त्याचं नाव, इयत्ता, तुकडी पुकारा. पुन्हा कुणी येत नाही. लेझीमही जागेवर राहते.

अगदीच डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तर पहाटेच्या एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात न्या. गल्लीत 'दात दाखवायला' सांगा. डॉक्टर तिला जे विचारतील, त्याची उत्तरं तुम्हीच द्या.

आणि हो, फोन परत देण्याआधी तपासून घ्या. 'क्लासच्या मॅडम' या नावाखाली १४४१६ असा पाचच आकडी नंबर दिसेल. तो सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. लगेच डिलीट करा.

कॉल रात्री पावणेदोनचा आहे, अकरा मिनिटांचा. तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात, घोरत.