गेमपॅड, भाता आणि मींड : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. जुन्या गेमपॅडपासून घरच्या घरी मिडी कंट्रोलर (स्वतः आवाज न काढता संगणकाला किंवा सिंथेसायझरला स्वरांचे निरोप पाठवणारे यंत्र) कसा तयार करावा, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण संवादिनी शिकवता, त्यामुळे आपले आक्षेप कानाने ऐकून घेतलेले आहेत आणि त्यांना उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे.

इतर वाचकांसाठी ते आक्षेप थोडक्यात नोंदवतो. माझ्या लेखाबरहुकूम आपल्या एका विद्यार्थ्याने दोन रविवार खर्च करून जोडणी केली, पण संगणकाला ते यंत्र दिसलेच नाही. पुढे मित्राच्या सर्किट बोर्डावर ते चालले, तेव्हा बटण दाबल्यावर स्वर उशिरा येतो असे आपल्याला जाणवले. बटणाला हलका आणि जड स्पर्श कळत नाही. चालू वस्तू फोडायला मी मुलांना शिकवतो. आणि चार-पाच हजार रुपयांत तयार मिडी कीबोर्ड मिळत असताना या खेळण्याला वाद्य म्हणणे ही दिशाभूल आहे.

यांपैकी पहिले दोन आक्षेप पूर्णपणे खरे आहेत आणि त्यांतली चूक माझी आहे. त्या विद्यार्थ्याचे दोन रविवार वाया गेले याचे मला वाईट वाटते. लेखात मी ‘कोणताही आर्डुइनो (कोड भरून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) चालेल’ असे लिहिले होते, ते चुकीचे होते. उनो या आर्डुइनो बोर्डावर (आर३ या आवृत्तीपर्यंत) यूएसबीचे काम एक वेगळी चिप पाहते आणि ती संगणकाशी फक्त सिरियल पोर्ट म्हणून बोलते, त्यामुळे बोर्डातला कोड कितीही बिनचूक असला तरी संगणकाला समोर मिडी उपकरण आहे हे कळतच नाही. थेट यूएसबी मिडी हवे असेल तर लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो यांसारखा, एटीमेगा ३२यू४ ही चिप असलेला बोर्ड लागतो, कारण त्यात मुख्य चिपच यूएसबी बोलते. तरीही आपल्या विद्यार्थ्याचा उनो फुकट गेलेला नाही. पाच पिनांचे मिडी सॉकेट आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर घ्यावेत. एक रेझिस्टर ५ व्होल्ट आणि चौथी पिन यांच्यामध्ये, दुसरा बोर्डाची टीएक्स (माहिती बाहेर पाठवणारी) पिन आणि सॉकेटची पाचवी पिन यांच्यामध्ये जोडावा, मधली दुसरी पिन ग्राउंडला द्यावी आणि सिरियलचा वेग ३१,२५० ठेवावा. ज्या सिंथेसायझरला पाच पिनांची जुनी मिडी जागा आहे त्याला हे थेट जोडता येते आणि संगणकासाठी मिडी ते यूएसबी केबल मिळते.

आता उशिराबद्दल. आपल्याला जाणवलेला उशीर भास नव्हता आणि त्याचा मोठा वाटा माझ्या कोडमध्येच होता. बटण दाबले की आतला संपर्क एकदम स्थिर होत नाही. काही मिलिसेकंद तो जुळतो, सुटतो, पुन्हा जुळतो, आणि तसेच सोडून दिले तर एका दाबातून तीन-चार स्वर उमटतात. हे टाळण्यासाठी मी संपर्क जाणवल्यावर २० मिलिसेकंद थांबून मग स्वर पाठवण्याची सोय केली होती. द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रा धरल्या तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते, म्हणजे मी प्रत्येक स्वर मात्रेच्या दहाव्या भागाने मागे ढकलत होतो. तालात वाढलेल्या कानाला ते खटकणारच. योग्य रीत याच्या उलट आहे. पहिला संपर्क जाणवताच स्वर पाठवावा आणि त्यानंतरचे १५ मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करावे. संपर्काची थरथर त्या दुर्लक्षाच्या काळात विरून जाते आणि स्वर वेळेवर पोहोचतो.

मिडीच्या तारेवर मात्र हा दोष येत नाही. पाच पिनांच्या मूळ मिडीत एका सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात आणि एका स्वराचा निरोप तीन बाइटांचा असतो. म्हणजे तो एका मिलिसेकंदाच्या आतच पोहोचतो. उशिराचा दुसरा वाटा संगणकातल्या ध्वनीच्या बफरचा, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवलेल्या ध्वनीच्या तुकड्याचा असतो. सेकंदाला ४४,१०० ध्वनी-नमुन्यांच्या दराला ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला तर जवळजवळ १२ मिलिसेकंद जातात, १२८ चा ठेवला तर तीनच्या आत. तुलनेसाठी सांगतो, हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत आपल्यापासून दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका आपल्या कानी पडायलाही सुमारे सहा मिलिसेकंद लागतात आणि त्या अंतराची आपल्याला सवय असते. थेट स्वर पाठवणारा कोड आणि १२८ चा बफर एवढे दोन बदल करून आपण स्वतः एकदा वाजवून पाहावे, ही विनंती.

बटणाला जोर कळत नाही, हा आक्षेप मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटला, कारण तो संवादिनीच्या शिक्षकाकडून आला आहे. गेमपॅडचे बटण म्हणजे रबराच्या पापुद्र्याखाली काळ्या कार्बनची एक टिकली असते. ती खाली टेकली की स्वर सुरू होतो, उचलली की बंद. ती किती जोराने टेकली हे तिला सांगता येत नाही. पण पेटीच्या पट्टीला तरी ते कुठे कळते? पट्टी फक्त हवेची वाट उघडते, स्वराचा लहानमोठेपणा भात्यावरच्या हातात असतो. पियानोच्या मापाने पाहिले तर गेमपॅड अपुरा दिसतो, हे मी मान्य करतो. पेटीच्या मापाने पाहिले तर त्याला फक्त भात्याची उणीव आहे, आणि भाता त्याच पॅडमध्ये, डाव्या अंगठ्याखाली, आधीपासून असतो.

माझ्या सध्याच्या जोडणीत एका निकामी पॅडमधली डावी स्टिक (अंगठ्याने चारी बाजूंना ढकलायची छोटी दांडी) काढून प्लायवुडच्या खोक्यात बसवली आहे आणि उजव्या हाताच्या बोटांखाली आठ बटणे एका ओळीत मांडली आहेत. सहा बटणांवर भूप रागाचे सा, रे, ग, प, ध आणि तार सा, उरलेली दोन सप्तक बदलण्यासाठी. स्टिकची वरखाली हालचाल मी मिडीच्या अकराव्या कंट्रोलला, म्हणजे स्वराचा लहानमोठेपणा ठरवणाऱ्या एक्स्प्रेशनला जोडली आहे. स्टिक मोकळी असताना ते ७० वर असते, वर ढकलली की १२७ पर्यंत चढते, खाली ओढली की शून्यापर्यंत उतरते. भात्यासारखीच ही स्टिकही बोटाला उलटा दाब देते आणि तो दाब कळत असल्यामुळेच स्वर फुलवता येतो. निव्वळ फिरवायच्या बटणावर हे साधत नाही, कारण ते जिथे सोडले तिथेच राहते. (प्लेस्टेशन २ च्या २००० साली आलेल्या पॅडची बहुतेक बटणे दाबाचे मोजमापही पाठवतात. स्वर लागल्यानंतर त्याला रंग देण्यासाठी ते उपयोगी पडते, पण त्यासाठी पॅडची स्वतःची चिप चालू असावी लागते.)

त्याच स्टिकची आडवी हालचाल मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाण्यासाठी आहे. ज्यासाठी मी हा सारा खटाटोप केला ते हेच, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. मिडीत स्वर सरकवण्याच्या निरोपाला पिच बेंड म्हणतात. त्याला १४ बिटांची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची जागा आहे आणि मध्य ८१९२ वर असतो. सरकण्याची मर्यादा रूढीने दोन्हीकडे दोन-दोन अर्धस्वरांची असते. सा वरून प वर एका ओढीत जायचे तर सात अर्धस्वर लागतात, म्हणून मी ती मर्यादा बारा अर्धस्वरांवर, १२०० सेंटांवर (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) नेतो. आता स्टिकची एक बाजू किती पायऱ्यांत मोजली जाते हे महत्त्वाचे ठरते. केवळ वरची सात बिटे पाठवली तर एका बाजूला ६४ पायऱ्या मिळतात आणि प्रत्येक पायरी जवळजवळ १९ सेंटांची होते. ८१:८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती (अगदी सूक्ष्म स्वरांतर) साधारण २१.५ सेंटांची आहे. म्हणजे ती मींड न राहता श्रुतीएवढ्या पायऱ्यांचा जिना होतो आणि तो स्पष्ट ऐकू येतो. पॅडच्या स्वतःच्या चिपकडून येणारे आकडे बहुधा आठ बिटांचे असतात, त्यात पायरी नऊ सेंटांवर येते. तरीही संथ आलापीत ती लपत नाही. स्टिकखालच्या पोटेन्शिओमीटरला (हालचालीप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या भागाला) थेट वायर जोडून बोर्डाच्या दहा बिटांनी मोजले, तर एका बाजूला सुमारे ५१२ पायऱ्या मिळतात आणि पायरी सव्वादोन सेंटांच्या आसपास येते. तिथे कानाला ओढ ऐकू येते, पायरी जाणवत नाही.

‘पॅड नुसता यूएसबीने जोडला तर काय बिघडते, तो फोडता कशाला?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर याच हिशेबात आहे. केवळ बटणे हवी असतील तर पॅड उघडण्याची गरज नाही. मींड हवी असेल तर मात्र पोटेन्शिओमीटरपर्यंत जावे लागते.

येथे मला आलेला एक वाईट अनुभव सांगितला पाहिजे, कारण मूळ लेखात तो मी गाळला होता आणि तो गाळायला नको होता. एका घरगुती बैठकीत तानपुऱ्यासोबत वाजवताना माझा षड्ज सतत किंचित चढा लागत होता. तानपुऱ्याशी तो घासत असल्याच्या लहरी ऐकू येत होत्या आणि साथीदार पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाहत होता. घरी येऊन आकडे पाहिले तेव्हा सोडून दिलेल्या स्टिकचे वाचन मध्याच्या ५१२ ऐवजी ५२० येत होते. बारा अर्धस्वरांच्या मर्यादेत आठ पायऱ्या म्हणजे जवळजवळ १९ सेंट. वापराने पोटेन्शिओमीटरमधला कार्बनचा पट्टा झिजला की स्टिक मध्यावर परत येत नाही, आणि डावीकडून सोडली तर एका जागी, उजवीकडून सोडली तर दुसऱ्या जागी थांबते. आता मी बोर्ड सुरू होताच स्टिकला हात न लावता तिची वाचने घेऊन त्यांच्या सरासरीला मध्य मानतो, मध्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पायऱ्या मृत ठेवतो आणि मींडेचे मोजमाप त्या मृत पट्ट्याच्या काठापासून सुरू करतो, म्हणजे पट्टा ओलांडताना स्वर उडी घेत नाही. ज्या स्टिकचे आकडे हळू फिरवतानाही उसळतात, ती मात्र वाद्यासाठी घेऊ नये.

चालू वस्तू फोडण्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. ‘जुना गेमपॅड घ्या’ एवढेच लिहून मी थांबलो होतो. ज्याची केबल तुटली आहे, ज्याची चिप बंद पडली आहे किंवा ज्याची एक स्टिक गेली आहे, असाच पॅड उघडावा, असे मी स्पष्ट लिहायला हवे होते. पुण्याच्या जुन्या बाजारात असे पॅड ढिगाने येतात आणि तिथून ते भंगारातच जातात. टीव्ही गेमचे जुने चालू पॅड तर उघडूच नयेत, कारण ते न उघडताही मिडीला जोडता येतात. निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या पॅडमध्ये शिफ्ट रजिस्टर म्हटली जाणारी ४०२१ या क्रमांकाची चिप असते. लॅच, क्लॉक आणि डेटा अशा तीन तारांवर ती आठही बटणांची स्थिती एकामागून एक सांगते आणि दाबलेले बटण शून्य म्हणून येते. आपल्याकडच्या तशाच टीव्ही गेमच्या पॅडमध्ये त्या चिपऐवजी काळ्या राळेचा ठिपका असतो, पण बोलण्याची रीत तीच. केबलमधल्या वायरींच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नये, मल्टिमीटरने प्रत्येक वायर तपासावी. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर प्रथमच मिडीने जोडून दाखवले गेले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टी माझ्या टेबलावर तीन तारांनी जोडल्या जातात, याचा मला आजही आनंद होतो.

बंद पॅड उघडताना आपल्या विद्यार्थ्याची आणखी एका ठिकाणी अडचण झाली असेल. बटणाखालच्या रेषा कंगव्याचे दोन दाते एकमेकांत अडकावेत तशा असतात आणि त्यांवर कार्बनचा काळा थर असतो. त्या थराला सोल्डर धरत नाही, कितीही तापवले तरी थेंब घरंगळतो आणि शेवटी रेषच उखडते. तिथून निघणारी हिरव्या रंगाखालची रेष नजरेने पुढे न्यावी, मोकळ्या जागी ब्लेडने हिरवा थर हलकेच खरवडावा, तांबे चमकू लागले की त्याला आधी सोल्डरचा पातळ लेप द्यावा आणि मगच बारीक वायर टेकवावी. वर ग्लू गनचा एक ठिपका दिला की वायर ओढली गेली तरी रेष सुटत नाही.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. ज्याला दोन्ही हातांनी पट्ट्यांवर वाजवायचे आहे त्याने तयार कीबोर्डच घ्यावा, हे मी प्रत्यक्ष विचारणाऱ्यांना नेहमी सांगतो आणि आता लेखातही लिहीन. खेळणे आणि वाद्य यांच्यातली सीमा मात्र आपण म्हणता तितकी पक्की नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या संस्थेत मिशेल वाइसविझ यांनी १९८४ मध्ये दोन्ही हातांवर बांधायचे मिडीचे वाद्य घडवले आणि पुढे ते त्यांनी वर्षानुवर्षे मंचावर वाजवले. आणि २०१० च्या रॉक बँड ३ या खेळासोबत मिळणाऱ्या पंचवीस पट्ट्यांच्या कीबोर्डला मिडीची जागा मुळातच दिलेली होती.

बोर्ड, बटणाचा कोड, मध्याची सरासरी आणि बंद पॅडची अट या चारही दुरुस्त्या मी मूळ लेखात आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून करतो आहे. आपल्या विद्यार्थ्याने त्याच्या पॅडच्या आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र पाठवले, तर कोणती रेष कुठे खरवडायची हे मी त्यावर खुणा करून कळवीन. आणि एका बाबतीत मला आपल्या कानाची मदत हवी आहे. सध्या अंगठा जितका सरकतो तितकाच स्वर सरकतो. त्यामुळे ग वरून प वर जाताना ओढ सुरुवातीला फार घाईची वाटते आणि पंचमापाशी अंगठा नीट ठरत नाही. सुरुवात संथ, मधला भाग वेगाचा आणि शेवट पुन्हा संथ, अशी वक्र रेषा मी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिली आहे. त्या तिन्ही आपण ऐकाव्यात आणि भूपातल्या ग-प मींडेला त्यांतली कोणती जवळची वाटते ते सांगावे.

आपला स्नेहाकांक्षी,
लेखक