झाकण उघडू नये

ऊन फुकट असतं असं जो म्हणतो, तो कधी मापाच्या काचा कापून आणायला गेलेला नसतो. काचवाल्याने "कशाला हव्यात?" असं विचारलं. मी "सूर्यचुलीला" म्हटल्यावर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पैसे आधी घेतले. पुढे काळा रंग, फॉइल, बिजागऱ्या, आरसा आणि ओव्हनचा थर्मामीटर. एवढ्या पैशांत किती सिलिंडर आले असते, हे आमच्या घरात आता तोंडपाठ आहे.

चूल तशी सोपी. खोक्यात खोकं, वर दोन काचा, आत काळं पातेलं. ऊन काचेतून आत शिरतं, काळ्या रंगावर पडून त्याची उष्णता होते आणि त्या उष्णतेला आल्या वाटेने परत जाता येत नाही. मग ती बाजूच्या भिंतींमधून सटकायला बघते. म्हणून दोन खोक्यांमधल्या पोकळीत काहीतरी ठासायचं. खरं काम करते ती त्यात अडकलेली हवा. भरलेली वस्तू तिला फक्त जागेवर बसवून ठेवते. हे मी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोललो. झालं! घरातली अडगळ घेऊन लोक आमच्या दारात.

पहिला मान थर्मोकोलचा, कारण कुणाच्या तरी नव्या टीव्हीच्या खोक्यातलं फुकट मिळालं. उष्णता अडवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण शंभर अंशांच्या आसपास त्याची स्वतःचीच तब्येत बिघडते. भर दुपारी चुलीतून बारीक कुईकुई ऐकू आली. संध्याकाळी उघडून बघितलं, तर आतल्या पत्र्याला टेकलेली बाजू आक्रसून सुरकुतली होती आणि मधे बोटभर फट. भाताला एक वास, जो भाताचा नव्हता.

मग भाताचं तूस. मावळातल्या एका गिरणीतून पोतंभर आणलं. स्वस्त, हलकं, मुबलक हवा धरणारं. माझं मत विचाराल तर गरिबाच्या चुलीला याहून चांगलं काही नाही. पण आपल्या पुण्यात प्रत्येक गच्चीची मालकी कबुतरांकडे असते. खोक्याच्या एका सांध्यातून चिमूटभर तूस सांडलं आणि त्यांनी तो सांधा दार समजून वापरायला सुरुवात केली. तुसात दाणा नसतो हे त्यांना सांगणार कोण? सेक्रेटरींनी मला कबुतरांना खाणं घालू नये अशी लेखी समज दिली.

वर्तमानपत्राचे बोळे त्या मानाने सज्जन. घट्ट दाबायचे नाहीत, सैल चुरगाळायचे, एवढंच पथ्य. चूल मस्त तापली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे अप्पा आले. "रविवारची पुरवणी यातच आहे ना? शब्दकोडं राहिलंय माझं." त्यांनी एकेक बोळा काढून गुडघ्यावर सरळ केला, वाचला आणि पुन्हा भरला, तो मात्र व्यवस्थित चौकोनी घडी घालून. घडीत हवा राहत नाही. तापमान घसरलं. कोडं सुटलं.

लोकरीची कल्पना माझी नव्हे, ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांची. जिनिव्हाच्या या गृहस्थांनी १७६७ साली काचेच्या पेट्यांत ऊन कोंडायला सुरुवात केली, आणि पुढे बुचाचं अस्तर आणि लोकर वापरून पाणी उकळेल त्याच्याही वर तापमान नेलं. त्यांच्या घरी लोकर कुठून आली माहीत नाही. आमच्याकडे बायकोच्या माहेरच्या स्वेटरांची पेटी होती. पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या, आणि डांबरगोळी ८० अंशांना वितळते. त्या दिवशीचं वरण कुत्र्यालाही घातलं नाही.

"अहो, कपाट शिजवलंत का?" बायको म्हणाली.

सासूबाई नुकत्याच शिर्डीहून आल्या होत्या. तिथल्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवल्या, त्या उन्हाने वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचं जेवण होतं, हे त्यांनी मला प्रसाद देता देता सांगितलं. "आणि जावईबापू, तुमचं एक पातेलं?"

मी पुन्हा तुसावर आलो. सांधे कणकेने लिंपले (कबुतरांनी तेही चाखलं), फडकं लावलं, मुगाची डाळ भिजवून ठेवली. भिंतींतून आता उष्णता जात नव्हती. पण चूल काही ९० च्या वर टिकेना. एकदा टाकीआड बसून पाहिलं तेव्हा कळलं. वाळवण घालायला आलेल्या काकू झाकण उचलून "शिजतंय का हो?" म्हणत. टाकी बघायला आलेला प्लंबर उचले. शाळेतून आलेली पोरं उचलत. अप्पा तर बोट घालून बघत. प्रत्येक वेळी सगळी गरम हवा भस्सकन बाहेर, काचेवर वाफ, आणि काटा खाली. जगातलं कोणतंही तूस याला पुरं पडणार नाही.

'झाकण उघडू नये' अशी चिठ्ठी लावली. त्या दिवशी, आधी कधीच न आलेले तळमजल्यावरचे लोकही लिफ्टने वर आले.

मग चिठ्ठी बदलली: 'आत कारल्याची भाजी आहे.'

कुणी फिरकलं नाही. प्लंबरही लांबून गेला. काटा शंभरच्या पुढे सरकला आणि तिथेच राहिला. तीनच्या सुमारास डाळ अशी शिजली होती की डाव लावताच मोडली. पातेलं दोन्ही हातांत धरून मी जिना उतरलो.

डायनिंग टेबलावर सासूबाई ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांना कारलं जीव की प्राण आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.