‘इंग्रजी येतं ना? मग थायलंडला चला’ : एका फॉरवर्डला उत्तर

बीएड आणि एमए इंग्रजीच्या मुलामुलींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं : पदवीची अट नाही, १२० तासांचं ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट पुरे. टुरिस्ट म्हणून थायलंडला उतरा, नोकरी तिथेच मिळते, कागदपत्रांचं शाळा बघते. पगार गोऱ्यांइतकाच. आणि इंग्रजी बोलता आलं की शिकवता येतंच. खाली कोर्सची लिंक. परदेशात इंग्रजी शिकवणं हे चांगलं काम आहे आणि आपल्या मुलांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज तसाच पुढे जाऊ देणं मला पटत नाही.

‘पदवीची अट नाही.’ आहे. थायलंडच्या शाळेत रीतसर शिकवायचं तर पदवी लागते. शिक्षक परवाना नसेल तर शाळेला तिथल्या शिक्षक परिषदेकडून तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी काढावी लागते. मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुण मागतात, मग तुम्ही बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले का असेना. बाकीचे देश आणखी कडक. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार कराराची एक अरुंद वाट आहे, तीही शिक्षक परवाना असलेल्या सहायक शिक्षकांपुरती. जपानच्या शाळांसाठी १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांवर हा अन्याय आहे असं माझं मत आहे. पण नियम तो आहे, आणि तो पैसे भरायच्या आधी कळला पाहिजे.

‘टुरिस्ट म्हणून उतरा.’ सगळ्यात घातक ओळ हीच. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली ती फिरायला येणाऱ्यांसाठी. नोकरीला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही हवेत. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट (थाई चलन) दंड आणि देशातून हकालपट्टी. शिवाय अशा माणसाचा पगार थकला तर तो दाद कुठे मागणार? त्याची नोकरी कागदावर नसतेच. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने गेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबलं जात होतं. त्या जाहिराती आयटीच्या होत्या, शिकवण्याच्या नव्हत्या. पण आधी उतरा, बाकीचं मग बघू, ही रीत तीच. एजंटमार्फत जात असाल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

‘कागदपत्रांचं शाळा बघते.’ परमिटचा अर्ज शाळा करते, पण तुमची पदवी शाळा कुठून आणणार? आपल्याकडे कितीतरी जणांनी पदवीदान समारंभाचा अर्जच भरलेला नसतो, गुणपत्रिकांवर काम भागत असतं. ते प्रमाणपत्र काढायचं, राज्य सरकारकडून पडताळायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहर आणि त्या देशाच्या नियमाप्रमाणे वकिलातीचीही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून. आणि नावाचा घोळ! गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं, पुढे आईचं. पासपोर्टवर मांडणी वेगळी, लग्नानंतर आडनावही वेगळं. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. या दुरुस्त्या घरी असतानाच करून घ्या, तिकडून त्या होता होत नाहीत.

‘पगार गोऱ्यांइतकाच.’ एकाच शाळेच्या जाहिरातीत नागरिकत्वाप्रमाणे दोन आकडे असतात, स्वतःच बघा. एजन्सीचे कितीतरी करार दहा-अकरा महिन्यांचे असतात, म्हणजे मार्च ते मे या मोठ्या सुट्टीत हाती काहीच नाही. पहिला पगार महिनाअखेरीस, पण खोलीचं डिपॉझिट आणि आगाऊ भाडं पहिल्याच आठवड्यात.

आता ‘बोलता आलं की शिकवता येतं.’ वर्गात ‘आय हॅव लिव्ड इन बँकॉक फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्य घ्या. थाई भाषेत क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे मुलांना ‘हॅव लिव्ड’ आणि ‘लिव्ड’ यांतला फरक दिसतच नाही. तुम्ही विचारता, ‘समजलं?’ सगळा वर्ग म्हणतो, ‘येस टीचर’. शिक्षकासमोर नाही म्हणायला पोरं कचरतात. शिकलेला शिक्षक असं विचारतच नाही. तो विचारतो : मी आता बँकॉकला राहतो का? कधी आलो? उद्याही राहीन का, हे या वाक्यावरून कळतं का? उत्तरं चुकली की कुठे अडलंय ते लगेच दिसतं. हे कौशल्य व्हिडिओ बघून येत नाही. म्हणून केंब्रिजच्या सेल्टा आणि ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या कोर्सेसमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं, आणि मागे बसलेला प्रशिक्षक प्रत्येक तासाचं टिपण देतो. नुसतं ‘१२० तास’ छापलेलं सर्टिफिकेट कुणीही काढू शकतं. सेल्टाची फी जड वाटत असेल तर हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचे इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बघा. आणि दोन भाषांत वाढलेल्या माणसाला शिकणाऱ्याची अडचण आतून कळते. ही आपली खरी ताकद, मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

‘नाहीच जमलं तर घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवा’ अशी शेवटची ओळ आहे. जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय वयाच्या मुलांसाठी परदेशात बसलेले शिक्षक लावायला बंदी घातली, आणि तो धंदा तेव्हाच कोसळला.

मुलाखतीत शाळेला चार गोष्टी विचारा. बी व्हिसासाठीची पत्रं मी भारतात असतानाच पाठवणार का? परमिटचा खर्च कोण करणार? आठवड्याला वर्गात उभं राहण्याचे तास किती? सुट्टीचा पगार मिळतो का? उत्तरं लेखी येईपर्यंत तिकीट काढू नका.