"मावशी, फ्रेममध्ये येताय"

सकाळी चहा पिताना एक रील समोर आलं. वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट, कोवळं ऊन, मागे बासरी आणि वर ठळक अक्षरांत 'अनटच्ड मेणवली'. अख्ख्या घाटावर एक माणूस नाही. डोकंच फिरलं माझं.

अनटच्ड म्हणे! नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट आहे तो. पिढ्यान्‌पिढ्या तिथे बायका धुणं धुतायत. मी आणि मैत्रीण मागच्या रविवारी वाई-मेणवली करून आलो, तेव्हाही एक आजी तिथे गोधडी धूत होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. शेजारी एका जोडप्याचं प्री-वेडिंग चाललेलं. कॅमेरेवाल्याचा पोऱ्या आला नि म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." आणि त्या झाल्या हो बाजूला! निमूटपणे, ती भिजून मणाची झालेली गोधडी पायऱ्यांवरून फरफटत.

अरे, घाट बांधतात कशाला? पावसाळ्यात पाणी वर चढो की उन्हाळ्यात तळाला जावो, माणसाला नदीपर्यंत पोचता यावं म्हणून. वाईचा ढोल्या गणपती बघा. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं, तेही पार नदीकाठी. मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचा लोंढा तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. लोक पुढून सेल्फी काढतात नि गाडीत बसतात, पुढे महाबळेश्वर गाठायचं असतं ना. ती भिंत बघायला मागे कोण जातंय?

मेणवलीतही तेच. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, पोर्तुगीजांकडून मिळालेली घंटा तिथे टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे, बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आम्ही ती निरखत होतो तेवढ्या वेळात जो आला त्याचा प्रश्न एकच, "ते सिनेमाचं शूटिंग नेमकं कुठे झालं हो?"

शूटिंगमुळे गावात चार पैसे येतात, हे मान्य. पण म्हणून त्या आजींनी उठायचं?

मैत्रीण म्हणाली, "तू उगाच तापतेस. त्यांना स्वतःला काही वाटलं नाही." नाही वाटलं, हे हिला कुणी सांगितलं? भांडल्या नाहीत म्हणून? परक्या माणसांशी वाद नको म्हणून गप्प बसणाऱ्या बायका आपल्या घरोघरी आहेत.

नवरीचा राग नाही आला, खरं सांगते. बिचारी तो लांबलचक झगा दोन्ही हातांनी सावरत शेवाळावरून घसरत होती आणि कॅमेरेवाला ओरडत होता, "नॅचरल हसा!" आजी तिच्याकडेच बघत होत्या. "पोरी, जपून गं," म्हणाल्या. ज्यांना उठवलं, त्याच! आणि तो पोऱ्या? तो अजून गोधडीचं पाणी फ्रेममध्ये येतंय का ते बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर भांडणच झालं असतं, मैत्रिणीने माझा दंड धरून ठेवला होता.

असो. थंडीत कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाला पुन्हा वाईला जायचंय. तेव्हा घाटांवर मांडव पडतात, पंगती बसतात. मैत्रीण म्हणतेय, फार गर्दी असते गं. असू दे की! गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर आत्ताच सांगा.