एलडीआरला रंग कळत नाही? बरं, मग ऐका

नमस्कार,

एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग) आणि आरजीबी एलईडी (लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकात) वापरून घरच्या घरी करायच्या रंग-सेन्सरवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नाव नाही, गाव नाही, सूर मात्र थेट बहिःस्थ परीक्षकाचा! ‘एलडीआरला रंग कळत नाही, हे दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं. टीसीएस३२०० ही रंग ओळखणारी तयार चिप आणा, आणि शिकवण्याआधी स्वतः शिका.’ मतभेदाला माझी ना नाही. पण ही बोलायची रीत झाली का? समोरासमोर असता तर असं बोलला असतात?

आता ते पहिलं वाक्य. एलडीआरला रंग कळत नाही हे मीच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तिथपर्यंत पोचला असतात तर बरं झालं असतं. कळत नाही म्हणूनच तर लाल, हिरवा, निळा दिवा एकापाठोपाठ एक लावायचा. लाल उजेडात कुंकवाचा आकडा पांढऱ्या कागदाच्या जवळ जातो. निळा लावला की तेच कुंकू काळ्या कार्डशीटच्या पंगतीला जाऊन बसतं. एलडीआरने फक्त किती उजेड परत आला ते सांगायचं, हिशेब अर्डुइनोचा, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा. एलडीआरमधलं कॅडमियम सल्फाइड हिरव्या-पिवळ्याला जास्त दाद देतं, निळ्याला कमी. म्हणून आधी पांढरा आणि मग काळा कागद दाखवून प्रत्येक दिव्याची वरची-खालची मर्यादा नोंदवायची आणि मधलं वाचन ० ते २५५ मध्ये बसवायचं.

आणि तुमचा टीसीएस३२००? त्याच्या पोटात ६४ फोटोडायोड: १६ लाल गाळणीखाली, १६ हिरव्या, १६ निळ्या आणि १६ उघडे. त्या डायोडला तरी रंग कुठे कळतो? तिथे गाळणी डायोडच्या तोंडावर, इथे रंग दिव्यातच, एवढाच फरक. मॉड्यूल आणलं की पिनेतून फ्रिक्वेन्सी येते, मूल ती वाचतं आणि आत काय घडलं ते डबीबंदच राहतं. माझ्या जोडणीत मूल स्वतः निळा दिवा लावतं आणि कुंकवाचा आकडा कोसळताना बघतं. मला तेवढंच दाखवायचं होतं, कारखान्यातला माल तपासायचा नव्हता.

‘स्वतः शिका’ म्हणता म्हणून सांगतो. आयटीआय करून उमेदीची वर्षं मी रंगीत टीव्हीच्या दुरुस्तीत घालवली. पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डावर तिन्ही रंगांचे प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचे छोटे रोध) स्क्रूड्रायव्हरने इवलेसे फिरवत, पडद्यावरचा पांढरा खरोखर पांढरा करायचा. जरा हात हलला की बातम्या देणारी बाई हिरवी. पुण्यात पसोड्या विठोबाच्या गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारांना मी तोंडओळखीने माहीत आहे. तुम्ही तेव्हा बहुधा पाटीवर गिरवत असाल. वय काढायचं नव्हतं, पण माझी लायकी तुम्हीच आधी काढलीत.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य, उगाच हट्ट नाही. तिन्ही रंगांना एकच २२० ओहमचा रोध लावला तर लाल जास्त झगझगतो, कारण त्याच्यावर दोनेक व्होल्टच पडतात आणि हिरव्या-निळ्यावर तीनेक. लालला ३३० लावा, करंट बरोबरीला येतो. आकृतीत बदल केलाय. अर्थात पांढऱ्या कागदाच्या नोंदीत हा फरक तसाही भरून निघतो, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बाकीचं काय! एलडीआर मंद आहे, म्हणता. दिवा बदलल्यावर शंभर मिलिसेकंद थांबा, कुंकू काही पळून जात नाही. ट्यूबलाइटचा उजेड आत शिरतो? काळी नळी त्यासाठीच सांगितली होती. युरोपात कॅडमियमवर निर्बंध आहेत, ठीक. आमची मुलं एलडीआर चघळत नाहीत.

तुमची ही प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. रात्री उशिरा टाकलेली दुसरी मात्र काढली. तिच्यात सर्किटबद्दल एक अक्षर नव्हतं, माझ्या शुद्धलेखनाचा आणि गावाचा उद्धार तेवढा होता.