बनावेच्या पायऱ्या आणि २००० वर्षांचा फॉरवर्ड

डोंगरभर भाताच्या हिरव्या पायऱ्यांचा तो फोटो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली मजकूर असा: फिलिपिन्समधल्या बनावे गावची ही शेती २००० वर्षांपूर्वीची, जगातलं आठवं आश्चर्य, युनेस्कोचा वारसा, इथले आदिवासी जगापासून तुटलेले राहिले म्हणून ती टिकली.

आठव्या आश्चर्याचं सोडून देऊ, ती पदवी कोणीही कोणालाही देतं. बनावे हे एक गाव नाही, एवढं मात्र सांगायला हवं. इफुगाव प्रांतातला तो आपल्या तालुक्यासारखा भाग, त्यात १८ बरांगाय, म्हणजे गावं-वाड्या.

युनेस्कोचं अर्धं खरं. १९९५ साली यादीत पाच ठिकाणं गेली: बनावेतली बताद आणि बांगान, शिवाय मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानमधलं नागाकादान. गंमत म्हणजे रस्त्याकडेच्या ज्या जागेवरून हा फोटो काढतात, जे दृश्य २० पेसोच्या नोटेवरही छापलंय, ते या यादीत नाहीच. तिथं नवी बांधकामं फार झाली.

आता ती २००० वर्षं. हा आकडा बायर आणि बार्टन या जुन्या अमेरिकी अभ्यासकांचा. एवढे बांध घालायला किती काळ लागला असेल, याचा तो अंदाज. उत्खनन करून काढलेला नव्हे. १९६२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कीसिंगने शंका काढली की सुरुवातीच्या स्पॅनिश नोंदींत या खाचरांचा उल्लेखच कसा नाही? पुढे पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या गटाने जुन्या कियांगानची जागा खणली. तिथं आधी दिसते ती अळकुडी. पाण्यातला भात येतो साधारण सतराव्या शतकात. स्पॅनिश लोक खालच्या मागात नदीच्या खोऱ्यात घुसल्यावर तिथले लोक वर सरकले आणि त्यांनी डोंगर कोरला, असं हा गट मांडतो. वाद मिटलेला नाही, पण मला हे पटतं. आणि यात कमीपणा कसला? उलट, काही पिढ्यांत एवढं काम उभं राहिलं!

'जगापासून तुटलेले' हे तर साफ चूक. त्याच उत्खननात बाहेरून आलेली चिनी मातीची भांडी आणि काचेचे मणी निघाले. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानी सेनापती यामाशिता शरण आला तोही याच कियांगानमध्ये.

मग टिकलं कशानं? कष्टानं. खाचरांच्या वर कुटुंबांनी राखलेली झाडी असते, मुयोंग. पाणी तिथून झिरपत खाली येतं. पारंपरिक भात तिनावोन, वर्षातून एकदाच. लोंबी एकेक करून खुडायची, पेंढ्या बांधायच्या. गांडुळांनी बांध पोखरला की पाणी आत मुरतं आणि भिंत खाली बसते; मग दगड पुन्हा रचायचे, चिखल लिंपायचा. तरुण शहरात गेले तसे हे करणारे हात घटले आणि २००१ मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. तिथून बाहेर पडायला २०१२ उजाडलं.